घरगुती यंत्रविद्या : काढलेलें आसन पुन्हां बसवितांना

या सदरांत आजवर शिवणाचें यंत्र, विजेचा पंखा, पाणी चढविण्याचा पंप अशा घरोघरच्या यंत्रांचा परामर्श घेतला. आजचा विषय वरवर पाहतां चैनीचा वाटेल. दोन माणसांची, उघड्या टपाची, लहानशी क्रीडा-मोटार. तिचीं आसनें काढणें आणि पुन्हां बसविणें, यांत आमच्या वाचकांना स्वारस्य तें काय, असें कोणी विचारील. पण आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलें आतां समुद्रापलीकडे संसार थाटून आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येणारीं वडीलधारीं माणसेंही घरोघर आहेत. तिकडे मजुरी महाग असल्यामुळें मोटारीचीं बारीकसारीक कामें गृहस्थ आपल्या हातांनींच करतात. शिवाय या कामांत मला जी गोष्ट शिकावयास मिळाली, ती केवळ मोटारीपुरती नाहीं. वस्तु उकलणें हें निम्म्याहूनही कमी काम. ती होती तशी बसविणें हेंच खरें काम, आणि कंटाळा येतो तो नेमका त्याच वेळीं.

माझ्या पुतण्याचें बिऱ्हाड इंग्लंडांत आहे. गेल्या वर्षीं थोरल्या वहिनी, म्हणजे त्याची आई, आणि मी असे दोघे त्याच्याकडे कांहीं महिने राहावयास गेलों होतों. सूनबाईंची रोजच्या वापराची मोठी मोटार आहे. आणि पुतण्याची हौस म्हणून १९९० सालची एक जुनी, जपानी माझदा कंपनीची ‘एम्एक्स-५’ आहे. ही मोटार फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. त्यापूर्वीं लहान, हलक्या, दोन आसनांच्या मोटारी बनवून तरुणांस वेड लावण्याचा मान ब्रिटिश कारखान्यांचा होता. पुढें त्या मोटारी एकामागून एक बंद पडल्या. जपानी कारागिरांनीं त्याच जातीची मोटार नव्यानें आणि अधिक भरंवशाची अशी घडविली. हिरोशिमा येथील कारखान्यांतून २२ एप्रिल २०१६ रोजीं या जातीची दहा लाखावी मोटार बाहेर पडली. पुतण्याची मोटार लांबीला चार मीटरांहून थोडी कमीच, आणि वजनाला साडेनऊशें किलोच्या आसपास.

या मोटारीच्या निर्मितीचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनीं आपल्या सहकाऱ्यांपुढें एक ध्येय ठेवलें होतें. जपानी भाषेंत त्यास ‘जिन्बा इत्ताई’ म्हणतात. म्हणजे स्वार आणि घोडा यांनीं एकरूप होणें. धांवत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या तिरंदाजाची जी अवस्था, तीच मोटार हांकणाऱ्याची व्हावी, असा त्यांतला भाव. आतां आपल्या मुलुखांत घोड्यांविषयीं कोणी कोणास शिकवावयास नको. स्वाराची आणि घोड्याची गांठ पडते ती खोगिरावर, आणि खोगीर जाग्यावर राहतें तें तंगाच्या आधारानें. तंग सैल राहिला तर घोडा कितीही उमदा असो, स्वार मातींत गेलाच म्हणून समजावें. मोटारीचें आसन हें तिचें खोगीर होय. आणि तें तळाशीं जखडून ठेवणारे चार बोल्ट हाच त्याचा तंग.

आसनें काढण्याचें कारण घडलें तें असें. पावसाळी हवेंत कांहीं दिवस मोटार उघड्यावर उभी होती. एके दिवशीं दार उघडतांच कुबट वास आला, आणि डावीकडच्या आसनामागें गालिचा दाबून पाहिला तों बोटांभोंवतीं पाणी उभें राहिलें. पुतण्याला वाटलें, कापडी टप फाटला असावा. टप तर धडधाकट होता. या मोटारीची खोड निराळी आहे. टपावर पडलेलें पाणी मागच्या कडेच्या पन्हळींत उतरतें, आणि तेथून दोन्ही कोपऱ्यांतील नळ्यांवाटें मोटारीच्या तळाखालीं, मागच्या चाकांच्या पुढें, गळून जातें. या नळ्यांचीं तोंडें आसनांच्या मागें, पट्ट्याच्या खांबांपाशीं आहेत. त्यांत झाडाचा पाला, धूळ आणि टपाचे सुटलेले धागे जमून बोळा झाला, कीं पाण्याला वाट उरत नाहीं. मग तें आंत उतरतें. आपल्या वाड्यांतील पन्हाळ पिंपळाच्या पानांनीं तुंबली म्हणजे भिंतीला ओल येते, त्यांतलाच हा प्रकार.

गालिचाखालीं जाड नमद्याचा थर असतो. तो पाणी शोषून घेतो आणि महिनोन्महिने सोडीत नाहीं. वरून गालिचा कोरडा दिसला तरी खालीं पत्रा गंजत राहतो. या जुन्या मोटारींचा शेवट पुष्कळदां इंजिनानें होत नाहीं, दारांखालच्या पत्र्याच्या गंजानें होतो. म्हणून गालिचा उचलणें भाग होतें, आणि आसनें जाग्यावर असेपर्यंत गालिचा उचलतां येत नाहीं.

काम शनिवारीं सकाळीं आरंभिलें. टप मागें दुमडला, म्हणजे आसन सरळ वर उचलून काढतां येतें. हा उघड्या मोटारीचा मोठाच फायदा. दारांच्या उंबऱ्यांवर एक जुनी घोंगडी घातली. कारण आसनाच्या खालच्या लोखंडी सरकपट्ट्यांना धारदार कडा असतात, आणि त्या रंगावर एकदां घसरल्या कीं ओरखडा जन्माचा. मग आसन पार मागें सरकवून पुढचे दोन बोल्ट उघडे केले. चवदा मिलिमीटरचा बॉक्स-पाना, त्याला लांब दांडा, एवढ्या साहित्यावर काम होतें. तीस वर्षें न हललेला बोल्ट पहिल्यांदा हट्ट धरतो. अशा वेळीं झटका देऊं नये. आट्यांत गंज सोडविणारें तेल मुरूं द्यावें, आणि पाना बोल्टच्या माथ्यावर पुरता बसला आहे याची खात्री करून सावकाश जोर लावावा. माथ्याचे कोपरे झिजले तर चार मिनिटांचें काम चार तासांचें होतें. पुढचे निघाल्यावर आसन पार पुढें सरकवून मागचे दोन काढले. प्रत्येक बोल्ट कोणत्या भोंकाचा, हें कागदावर लिहून त्या कागदावरच तो ठेवला.

बोल्ट निघाले म्हणजे आसन एकदम हिसकू नये. आधीं तें मागें कलतें करून खालीं डोकवावें. पट्ट्याच्या बकलाची, आणि कांहीं मोटारींत डोक्यामागच्या ध्वनिवर्धकांची तार आसनाखालून जाते. तिची जोडणी खटका दाबून सोडवावी, तार ओढून नव्हे. त्यानंतर पाठ पुढें दुमडून, एकानें आंतून व एकानें बाहेरून धरून आसन वर काढावें. येथेंच माझ्या हातून एक चूक झाली. पण ती मला दुपारपर्यंत कळली नाहीं, म्हणून तिची हकीकत पुढें सांगतों.

आसनांखालीं जें सांपडलें त्यानें घरांतील मंडळींची चांगलीच करमणूक झाली. सात नाणीं, एक कंगवा, बदामाच्या टरफलांचा चुरा, आणि ज्या मोत्याच्या कुडीसाठीं सूनबाईंनीं दोन वर्षांपूर्वीं सारें घर झाडून काढलें होतें, ती कुडी! “मी तेव्हांच म्हणत होतें, मोटारींत पाहा,” एवढें बोलून त्या आंत गेल्या. पुतण्या खालीं मान घालून गालिचा उचलूं लागला.

नमदा पिळला तेव्हां अर्धी बादली पाणी निघालें. तो आणि गालिचा मोटारघरांत पंख्यापुढें टांगून ठेविला. सुदैवानें पत्र्यावर वरवरचाच गंज होता. तो घांसून, पुसून, वर गंजरोधक रंग दिला. नळ्या साफ करण्यास पुतण्यानें कपडे टांगण्याची लोखंडी तार वांकवून आणली होती. ती मीं बाजूस ठेवविली. तारेचें टोंक नळीला भोंक पाडतें, आणि मग पाणी कायमचेंच आंत येतें. बागेंत गवत कापण्याच्या यंत्राला नायलॉनची जाड दोरी असते, तिचा हातभर तुकडा हलके हलके फिरवीत घातला, तेव्हां काळा बोळा सुटला. मग तांब्याभर पाणी नळीच्या तोंडाशीं ओतून मोटारीखालीं वांकून पाहिलें. मागच्या चाकापुढें धार लागली. पावसाळ्यापूर्वीं वर्षांतून एकदां ही तांब्याची परीक्षा केली, तर आसन काढण्याचा प्रसंगच येणार नाहीं.

नमदा वाळावयास तीन दिवस लागले. मंगळवारीं दुपारीं आसनें बसवावयास घेतलीं. घाई होती. बुधवारीं सकाळीं वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावयाचें होतें, आणि सूनबाई आपली मोटार घेऊन कामावर जाणार होत्या. अर्थात् वहिनी या लहान मोटारींतून, डावीकडच्या आसनावर बसून जाणार.

उजवीकडचें आसन निमूट बसलें. डावीकडच्याचे मागचे दोन बोल्ट लागले, पुढचा एक लागला. चौथा कांहीं केल्या लागेना. आसनाचें भोंक आणि तळाचें भोंक यांची बोटाच्या पेराइतकी चुकामूक होत होती. पुतण्यानें आसन ढकललें, ओढलें, गुडघा देऊन दाबलें. तासभर झाला. शेवटीं तो घाम पुशीत म्हणाला, “काका, तीन बोल्ट घट्ट बसले आहेत. आसन हलत नाहीं. चौथा रविवारीं पाहूं. नाहींतर भोंकच थोडें मोठें करतों.” खरें सांगावयाचें तर माझीही मान होकारार्थी हलूं लागली होती. आसन हातानें हलवून पाहिलें, तें खरोखरच पक्कें वाटत होतें.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं बाकावर उरलेला बोल्ट उचलून पाहिला आणि विचारलें, “भावजी, हा कुठला?” मीं सांगितलें. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “ज्यानें ही मोटार केली त्यानें चार भोंकें ठेवलीं. एक उगाच ठेवलें असेल का?” आणि बोल्ट होता तेथें ठेवून निघून गेल्या.

या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतें, आणि तें आठवून मला माझीच लाज वाटली. या मोटारींत पट्ट्याचें बकल तळाला जोडलेलें नसतें, तें आसनाच्या सांगाड्याला जोडलेलें असतें. म्हणजे आसनाचे बोल्ट केवळ आसन धरीत नाहींत. पट्ट्यांत बसलेल्या माणसाचाही भार कांहीं अंशीं तेच धरतात. हा भार किती? ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारें साठ किलो वजनाचें शरीर अपघातांत अर्ध्या मीटरच्या आंत थांबलें, तर त्याला धरून ठेवण्यास सुमारें बाराशें किलो वजनाइतकें बळ लागतें. त्यांतला बकलाकडचा वांटा आसनामार्फत बोल्टांवर येतो. हातानें हलवून पाहिलेलें ‘पक्कें’ आणि हें ‘पक्कें’ यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. इंग्लंडांतील मोटारींच्या वार्षिक तपासणींत आसन पक्कें आहे कीं नाहीं हें पाहतात तें उगाच नव्हे. आणि भोंक मोठें करणें तर त्याहून वाईट. त्यानें बोल्टच्या माथ्याखालचा आधारच कमी होतो.

मग तिन्ही बोल्ट काढले, आसन पुन्हां बाहेर घेतलें, आणि उलटें करून पाहिलें. दोष तत्काळ दिसला. आसन दोन सरकपट्ट्यांवर पुढें-मागें सरकतें, आणि ठराविक अंतरावरच्या खाचांत खटका पडून थांबतें. शनिवारीं आसन उचलतांना मीं धरावयास सोयीचा म्हणून सरकविण्याचा दांडाच धरला होता. त्यामुळें खटका सुटला, एक पट्टी दुसरीपेक्षां एक खांच पुढें गेली, आणि तशीच अडकून बसली. चूक माझी होती. पुतण्या तासभर जिच्याशीं झगडला ती मोटार निर्दोष होती. दांडा वर उचलून दोन्ही पट्ट्या एका टोकापर्यंत सरकविल्या, समान झाल्यावर दांडा सोडला, आणि दोन्हीकडे खटका पडल्याची खात्री केली. आसन पुन्हां ठेवलें तेव्हां चारही भोंकें एकमेकांवर अचूक आलीं.

बसविण्याची रीत सांगतों, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोणताही बोल्ट आधीं पुरता आवळूं नये. चारही बोल्ट प्रथम बोटांनीं, पाना न लावतां, दोन-तीन आटे फिरवून घ्यावे. बोटांनीं फिरत नसेल तर बोल्ट तिरपा गेला आहे असें समजून तो काढावा. नट मोटारीच्या तळाला पक्के जोडलेले असतात. तिरप्या बोल्टनें त्यांचे आटे मोडले तर तळ कापूनच दुरुस्ती करावी लागते. चारही बोटांनीं लागल्यावर मग पान्यानें थोडथोडे, आळीपाळीनें, समोरासमोरचे आवळावे. शेवटचा जोर अंदाजानें देऊं नये. या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेंत तो ३८ ते ५१ न्यूटन-मीटर सांगितला आहे. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारें सोळा ते वीस किलोंचा भार द्यावा, इतका तो होतो. हा जोर मोजणारा टॉर्क-पाना मिळतो. तो शेजाऱ्याकडून मागून आणण्यांत कमीपणा नाहीं. कमी जोर वाईट, तसाच अतिरेकही वाईट. ताणलेला बोल्ट न सांगतां तुटतो. अखेरीस तारेची जोडणी लावावी, आसन पुढें-मागें सरकवून प्रत्येक ठिकाणीं दोन्हीकडचा खटका पडतो कीं नाहीं हें पाहावें, आणि बकल लावून पट्टा हिसडून पाहावा.

नव्या मोटारींविषयीं मात्र एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. वर सांगितलेली रीत जुन्या मोटारीची, जिच्या आसनांत बोल्ट आणि साध्या तारा यांखेरीज कांहीं नाहीं. याच जातीच्या २००५ सालानंतरच्या मोटारींत आसनाच्या कुशींतच अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी असूं शकते. ती स्फोटक द्रव्यानें फुगते, आणि तिची तार आसनाखालून, बहुधा पिवळ्या जोडणींतून जाते. तेथें प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, आणि पुस्तिकेंत सांगितलेला वेळ, निदान एक मिनिट तरी, थांबूनच त्या जोडणीस हात लावावा. आसन बाहेर असतां मोटारीची किल्ली फिरवूं नये. नाहींतर धोक्याचा दिवा लागतो आणि तो जाणकाराच्या उपकरणावांचून विझत नाहीं. त्या तारेंत वीज तपासण्याचा दिवा घालून पाहण्याचें धाडस तर कोणीही करूं नये. अशा मोटारीचें काम शक्यतों कारखान्यांत शिकलेल्या माणसाकडेच द्यावें. हौसेला मर्यादा असावी, आणि ती मर्यादा येथें आहे.

उंच मनुष्यें आसनांतील स्पंज थोडा कापून बैठक खालीं आणतात, हेंही मीं तेथें पाहिलें. काम बेताचें केलें तर त्यांत गैर नाहीं. परंतु कांहीं लोक बैठक उंच करण्यासाठीं सरकपट्ट्यांखालीं लांकडाचे तुकडे ठोकतात, तें मात्र सर्वथैव वर्ज्य. बोल्टखालीं लांकूड दबतें, आणि आज घट्ट असलेला तंग महिन्यानें सैल होतो.

बुधवारीं सकाळीं वहिनी शाल गुंडाळून मोटारींत बसल्या. इतक्या खालच्या आसनावर बसण्याची त्यांना संवय नव्हती. मुलानें हात धरून बसविलें. पट्टा लावल्यावर त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं चार बोटें वर केलीं. त्या हंसल्या, आणि मोटार निघाली.

आठवड्यानें, थोडा प्रवास झाल्यावर, चारही बोल्ट पुन्हां एकदां टॉर्क-पान्यानें तपासले. चारही जागच्या जागीं होते. वाचकांनींही हें शेवटचें तपासणें चुकवूं नये.